जुनी वस्ती की नवी वसाहत : दोन्हीकडे राहून केलेली तुलना

घर बदलायचे नक्की झाले तेव्हा चाळणी लावता लावता आमच्यापुढे दोनच परिसर उरले. पहिला म्हणजे शहराच्या मध्यभागाला खेटून असलेली जुनी वस्ती, जिथे तीन-चार मजली इमारती एकमेकींना चिकटून उभ्या आहेत आणि तळमजल्यावर बहुतेक ठिकाणी दुकाने आहेत. दुसरा म्हणजे शहराच्या कडेला मोठ्या रस्त्यालगत उभी राहिलेली नवी वसाहत, जिला कुंपण आहे, फाटक आहे, आत बाग आहे आणि जिच्या इमारती वीस मजल्यांच्या पुढे जातात. तेवढ्याच पैशात नव्या वसाहतीत एक खोली जास्त मिळत होती. बाकी घरे उन्नीस-बीस. त्यामुळे घरांची तुलना एका दुपारीच आटोपली. परिसरांची तुलना करायला मात्र सात महिने लागले, कारण विकत घेण्यापूर्वी आम्ही दोन्हीकडे भाड्याने राहून पाहिले, आधी नव्या वसाहतीत चार महिने आणि मग जुन्या वस्तीत तीन. दोनदा सामान हलवण्याचा हा उपद्व्याप प्रत्येकाला जमण्यासारखा नाही, हे मान्य आहे आणि म्हणूनच त्यातून जे हाती लागले ते सविस्तर मांडत आहे.

घरात माणसे तीन. मी रोज कार्यालयात जातो, पत्नीला आठवड्यातील तीन दिवस घरून काम करता येते आणि आईने पंचाहत्तरी ओलांडली आहे. हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सगळा निवाडा या तीन माणसांच्या दिनक्रमाला धरून आहे.

नवी वसाहत पहिल्या भेटीत मन जिंकते, यात शंका नाही. दलालाने आम्हाला सुटीच्या दिवशी सकाळी अकराला नेले होते. रस्ता मोकळा होता, लिफ्ट लगेच आली, बागेत पाणी मारून ठेवलेले होते आणि नमुना सदनिकेत खिडक्या बंद असल्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नव्हता. दलाल आपले काम चोख करतो, त्यात त्याचा दोष नाही. पण राहायला गेल्यावर कामाच्या दिवशी सकाळी नऊला, रात्री अकराला आणि भर पावसात तोच परिसर कसा असतो, हे पाहिल्यावर माझ्या वहीतील बहुतेक नोंदी बदलाव्या लागल्या.

सुरुवात औषधाच्या दुकानापासून करतो, कारण आईमुळे तिथे आठवड्यातून दोनदा तरी जावे लागते. नकाशावर हे दुकान आमच्या इमारतीपासून सरळ रेषेत साधारण ३५० मीटरवर दिसत होते. माणूस सामान्य चालीने मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो, म्हणजे साडेचार मिनिटांचा रस्ता. प्रत्यक्षात दुकान कुंपणाच्या पलीकडे आणि फाटक नेमके विरुद्ध बाजूला. फाटकातून बाहेर पडून, वसाहतीला वळसा घालून आणि मोठा रस्ता ओलांडून जायला १,१०० मीटर चालावे लागत होते. जाऊन येऊन अर्धा तास. परिणाम असा झाला की तिसऱ्या आठवड्यापासून मी औषधे आणायलाही गाडी काढू लागलो आणि तसे करणारा मी एकटा नव्हतो, हे संध्याकाळी फाटकाशी लागणाऱ्या गाड्यांच्या रांगेवरून कळत होते.

कुंपणाच्या त्या बाजूला एका ठिकाणी लोखंडी गज कोणीतरी वाकवलेला होता. त्या फटीच्या दोन्ही अंगांचा हिरवा रंग माणसांच्या खांद्यांनी घासून पार उडाला होता, गज चकचकीत झाले होते आणि खालच्या गवतात एकच पायवाट पडली होती. व्यवस्थापनाने तो गज सरळ करून घेतला. पंधरा दिवसांत शेजारचा गज वाकलेला दिसला. रहिवाशांच्या बैठकीत यावर सुरक्षेच्या अंगाने पुष्कळ चर्चा झाली, पण इतकी माणसे आडवी होऊन तिथून का जातात आणि तिथे एक लहान दार ठेवले तर काय बिघडेल, हा प्रश्न आम्ही असेपर्यंत कोणी विषयपत्रिकेवर घेतला नाही.

गंमत म्हणजे अशा वसाहतींच्या आराखड्यामागची कल्पना मुळात चालणाऱ्या माणसासाठीच मांडली गेली होती. अमेरिकी नियोजनकार क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये ‘शेजार-घटका’ची मांडणी केली, तेव्हा मधोमध शाळा, कोणत्याही घरापासून ती साधारण पाव मैलावर म्हणजे सुमारे ४०० मीटरवर, मोठे रस्ते बाहेरच्या कडेने आणि दुकाने कडेच्या चौकांवर अशी त्यांची रचना होती. मोठा रस्ता कडेला ठेवणे आमच्या वसाहतीने इमानेइतबारे पाळले आहे. कडेच्या चौकांकडे जायला वाट लागते, हे मात्र राहून गेले.

जुन्या वस्तीत औषधाचे दुकान १२० मीटरवर आहे आणि तेवढ्याच टप्प्यात किराणा, शिंपी, चावीवाला, झेरॉक्सचे दुकान आणि दूध मिळण्याची सोय. सोयींची यादी करायला घेतली तर नवी वसाहतही फार मागे पडत नाही, उलट तरणतलाव आणि व्यायामशाळा तिच्याकडे जास्तीच्या आहेत. फरक असा की चार महिन्यांत मी तरणतलावात सहा वेळा उतरलो आणि औषध-दूध-किराणा यांसाठी शंभराहून अधिक वेळा बाहेर पडलो. माहितीपत्रकात या दोहोंना सारखीच एकेक ओळ दिलेली असते.

आता प्रवासाकडे वळतो. नव्या वसाहतीतून कार्यालय ‘३५ मिनिटांवर’ असल्याचे आम्हाला सांगण्यात आले होते. सलग वीस कामाच्या दिवसांची नोंद मी ठेवली. सर्वांत चांगल्या दिवशी ३८ मिनिटे, सर्वांत वाईट दिवशी ८५ आणि मधला आकडा ५२. जुन्या वस्तीतून तोच प्रवास बहुधा ३१ मिनिटांत होतो आणि वाईट दिवशी ४४ मिनिटे घेतो. मधल्या आकड्यांतला फरक दिसतो २१ मिनिटांचा, पण वेळेवर पोहोचायचे असेल तर घरातून निघताना हिशेब वाईट दिवसाचाच धरावा लागतो आणि तिथे हाच फरक ४१ मिनिटांवर जातो. जगभरच्या शहरांतील माणसे दिवसाकाठी सरासरी तासभराच्या आसपास प्रवास करतात, असे निरीक्षण याकोव्ह झहावी यांनी मांडले आणि पुढे चेझारे मार्केती यांनी ते १९९४ मध्ये अधिक व्यापक करून सांगितले. जुन्या वस्तीत माझा जाऊन-येऊन तास जवळजवळ तंतोतंत तेवढाच भरतो. नव्या वसाहतीत तो पावणेदोन तासांपर्यंत जात होता आणि जास्तीचा वेळ कुठून कापला जात होता, हे घरच्यांना माझ्यापेक्षा आधी कळले.

वसाहतीची स्वतःची बस ‘दर दहा मिनिटांनी’ सुटते, असे फलकावर लिहिलेले होते. त्यात खोटे काही नव्हते, कारण तासाला सहा बस खरोखरच येत. पण मोठ्या रस्त्यावरच्या कोंडीमुळे त्या जोडीने येत, एक गेली की दोन मिनिटांत दुसरी आणि मग अठरा मिनिटे शुकशुकाट. बस नेमक्या दहा-दहा मिनिटांनी आल्या असत्या तर थांब्यावर सरासरी पाच मिनिटे थांबावे लागले असते. दोन आणि अठराच्या जोडीत तीच सरासरी आठ मिनिटांच्या पुढे जाते, कारण बहुतेक माणसे लांबच्या खंडातच थांब्यावर येऊन उभी राहतात. घर पाहायला जाणाऱ्याने वेळापत्रक वाचण्याऐवजी थांब्यावर घड्याळ लावून तासभर उभे राहावे, असे मी आता सगळ्यांना सांगतो. लोक ऐकून घेतात आणि वेळापत्रकच वाचतात.

एक खोली जास्त मिळते म्हणून लांब जाण्याचा विचार आम्हीही केला होता आणि त्यात चूक काहीच नव्हती. अर्थशास्त्राच्या सरळ हिशेबाने पाहिले तर लांबच्या प्रवासाची भरपाई मोठ्या किंवा स्वस्त घराने व्हायला हवी आणि शेवटी समाधान सारखेच राहायला हवे. ब्रुनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या स्विस अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील माहिती तपासली, तेव्हा ही भरपाई पुरती होत नाही आणि लांबून ये-जा करणारे आपल्या आयुष्याबद्दल कमी समाधानी असल्याचे सांगतात, असे त्यांना आढळले. आमच्या जास्तीच्या खोलीत चार महिन्यांत इस्त्रीचे कपडे, न उघडलेली दोन खोकी आणि एक सायकल राहिली. पत्नीचे म्हणणे मात्र वेगळे होते, तेही नोंदवतो. घरून काम करण्याच्या तीन दिवसांत तिला तिथे स्वतंत्र मेज लावता येत असे आणि प्रवासाचा जाच तिला आठवड्यातून दोनदाच होता. तिच्या वहीत गुणांची बेरीज नव्या वसाहतीच्या बाजूने झुकत होती.

आवाजाच्या बाबतीत माझा अंदाज साफ चुकला. बाराव्या मजल्यावर शांतता असेल, असे मी गृहीत धरले होते. फोनवरचे मापन ढोबळ असते, हे ठाऊक असूनही दोन्हीकडे एकाच फोनने, रात्री अकराच्या सुमारास, खिडकीबाहेर हात काढून आकडे घेतले. नव्या वसाहतीत मोठ्या रस्त्याच्या बाजूला ५४ ते ५६ डेसिबल, आणि पहाटे दोनलाही त्यात फारसा उतार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय विभागाने २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत रस्त्यावरील वाहनांचा रात्रीचा आवाज घराबाहेर सरासरी ४५ डेसिबलच्या खाली असावा, असे म्हटले आहे. ती वर्षभराची सरासरी असल्यामुळे माझ्या एका रात्रीच्या आकड्याशी तिची थेट तुलना होत नाही, पण दहा डेसिबलची वाढ कानाला साधारण दुपटीसारखी जाणवते, एवढे लक्षात घेतले तरी पुरे. अखंड वाहणाऱ्या रस्त्याचा आवाज अंतर दुप्पट झाल्यावर जेमतेम तीन डेसिबलने उतरतो आणि वर जावे तसतशी आड येणारी झाडे व भिंती खाली राहून रस्त्याचा अधिक लांब पट्टा नजरेच्या, म्हणजेच कानाच्याही टप्प्यात येतो. त्यामुळे उंचीचा फायदा दृश्याला झाला, झोपेला नाही.

जुन्या वस्तीत चित्र निराळे आहे. गल्लीकडच्या खोलीत अकरा वाजता ६२ डेसिबल, मागच्या चौकाकडे उघडणाऱ्या खोलीत ४१. एकाच घरात दोन वेगळी गावे असल्यासारखा हा फरक आहे. शिवाय जुन्या वस्तीतला आवाज तुटक असतो. रात्री साडेबाराला सगळे थंड होते आणि पहाटे पावणेसहाला माल उतरवणारा टेम्पो मागे येताना जी पीप-पीप सुरू करतो, ती कानाच्या पडद्यावर टाचणी टोचावी तशी लागते. महामार्गाच्या घरघरीची मला महिनाभरात सवय झाली होती. या पीप-पीपची तीन महिन्यांत झाली नाही. जुन्या भागात घर पाहणाऱ्यांनी निजायची खोली कोणत्या बाजूला आहे, हे आधी विचारावे आणि पहाटे सहापूर्वी एकदा गल्लीत जाऊन यावे.

शेजाराबद्दल लिहिताना भाबडेपणाचा धोका असतो, म्हणून आधी एका जुन्या पाहणीचा आधार घेतो. डोनाल्ड ऍपलयार्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एकमेकांसारख्याच तीन रस्त्यांवरच्या रहिवाशांच्या मुलाखती घेतल्या. एका रस्त्यावरून दिवसाला सुमारे २,००० वाहने जात, दुसऱ्यावरून ८,००० आणि तिसऱ्यावरून १६,०००. कमी रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते आणि जास्त रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता, ०.९. वाहने जितकी जास्त, तितके माणसाला आपले वाटणारे अंगण आक्रसत जाते, असा त्याचा अर्थ. या हिशेबाने आमच्या नव्या वसाहतीत मैत्रीला पूर यायला हवा होता, कारण आतल्या रस्त्यांवर वाहने जवळपास नसतातच. तसे झाले नाही. माणसे लिफ्टने थेट तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरत आणि काचा वर करून फाटकाबाहेर पडत. वाहने नसलेल्या त्या रस्त्यांवर माणसेही नसत. चार महिन्यांत आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी दोघांची नावे मला कळली, तीही चुकीच्या दारात गेलेल्या पार्सलांमुळे.

जुन्या वस्तीत नवव्या दिवशी तळमजल्यावरच्या शिंपीकाकांनी मला हाक मारून थांबवले. “आजी मघाशी पिशवी इथेच विसरून वर गेल्या, ही घेऊन जा. आणि त्यांना म्हणावं, जिन्यातला दिवा गेलाय, अंधार पडल्यावर उतरू नका.” त्यांना आईचे नाव ठाऊक नव्हते, आमचा मजला ठाऊक होता आणि तेवढे पुरेसे होते. रस्त्यावर येती-जाती माणसे आणि दुकानातून त्यांच्याकडे सहज जाणारी नजर यांवर वस्तीची सुरक्षितता उभी असते, असे जेन जेकब्स यांनी १९६१ मध्येच मांडले होते. त्या नजरेला दुसरी बाजूही आहे. पत्नी किती वाजता परत येते, कोण भेटायला आले होते, आम्ही घर घेणार की सोडणार, या सगळ्याची वार्ता त्याच नजरेमार्फत गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. तिला ते आवडत नाही आणि तिचे न आवडणे मला रास्त वाटते.

हिरवाईचे थोडक्यात उरकतो. घरातून तीन झाडे दिसावीत, परिसरावर तीस टक्के तरी झाडांचे छत्र असावे आणि बाग तीनशे मीटरच्या आत असावी, असा ‘३-३०-३००’चा ठोकताळा सेसिल कोनायनेन्डाइक यांनी मांडला आहे. नवी वसाहत तीनशे मीटरच्या कसोटीला सहज उतरते, पण काठ्यांना बांधलेल्या तिच्या रोपांचे छत्र व्हायला पंधरा वर्षे लागतील. जुन्या वस्तीत बाग सातशे मीटरवर आहे, आणि खिडकीसमोर एकच, पण जुने, भले मोठे झाड. अरुंद गल्ल्यांमुळे दुपारी सावली मिळते, मात्र त्याच अरुंदपणामुळे भिंतींत साठलेली उष्णता रात्री आकाशाकडे निसटायला वाट सापडत नाही आणि मध्यरात्रीपर्यंत भिंतीला हात लावला तर ऊब लागते.

जुन्या वस्तीचे खरे दोष याहून गंभीर आहेत आणि ते झाकून तिची भलामण करणे बरोबर होणार नाही. आमच्या गल्लीची रुंदी मी टेप लावून मोजली, ३.१ मीटर. अग्निशमन दलाचा मोठा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे गल्ली मोकळी असेल तर तो आत येऊ शकतो, पण ती मोकळी कधीच नसते, कारण दोन्ही कडांना दुचाक्या लावलेल्या असतात. दुसरा दोष पाण्याच्या दाबाचा. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. चौथ्या मजल्यावरचे जे घर आम्हाला आधी दाखवले, त्याच्या नळापेक्षा गच्चीवरची टाकी जेमतेम तीन-चार मीटर उंच होती, त्यामुळे तिथे धार करंगळीएवढी. पहिल्या मजल्यावरच्या घरात हा त्रास नाही. तिसरा दोष म्हणजे लिफ्ट नाही. आम्ही राहिलो त्या पहिल्या मजल्याला बावीस पायऱ्या आहेत, ओल्या झाल्या की निसरड्या होतात आणि पावसाच्या दिवसांत आई सरळ घरी बसून राहिली.

एरवी मात्र आईच्या बाबतीत जे दिसले त्याने माझ्यापुरता निकाल लावला. नव्या वसाहतीत तिच्यासाठी सगळे होते, लिफ्ट, उतरण, बाके आणि सपाट फरसबंदी. तिथे ती दिवसातून एकदा, संध्याकाळी, आम्ही कोणी सोबत असलो तर खाली उतरे, बागेला दोन फेऱ्या मारी आणि वर येई. जुन्या वस्तीत बावीस पायऱ्या उतरून ती दिवसातून दोनदा एकटी बाहेर पडू लागली, कधी दूध आणायला, कधी ब्लाउजची उसवलेली शिवण दाखवायला आणि कधी यातले काहीही कारण नसताना. मी विचारले तेव्हा तिने सांगितले की तिकडे चालायला जागा होती, पण जायला ठिकाण नव्हते.

शेवटी आम्ही जुन्या वस्तीत पहिल्या मजल्यावरचे, निजायची खोली मागच्या चौकाकडे असलेले घर घेतले. पत्नीचे मत पूर्ण वळले, असे म्हणता येणार नाही. मागच्या खोलीत तिचे कामाचे मेज आधी लागेल आणि पलंगाची जागा त्यानंतर ठरेल, या अटीवर तिने होकार दिला. ज्यांचे कार्यालय शहराच्या त्याच कडेला आहे, जे बहुतेक दिवस घरून काम करतात, ज्यांची मुले लहान असून त्यांना वाहनांविना मोकळे आवार हवे आहे किंवा ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची वापरणारे कोणी आहे, त्यांनी नवी वसाहतच पाहावी. जुन्या वस्तीतला जिना अशा माणसाला घरातच डांबून ठेवेल. फक्त विकत घेण्यापूर्वी फाटक नेमके कोणत्या बाजूला आहे, हे पायी चालून पाहावे.

जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेण्याचे आणि पायऱ्यांच्या कडांना खरखरीत पट्ट्या लावण्याचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होईल. गाडी कुठे लावायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तूर्त ती चारशे मीटरवरच्या एका भाड्याच्या जागेत उभी आहे आणि गेल्या पंधरवड्यात ती दोनदाच बाहेर काढली.